किल्लीवाल्याची गोष्ट कशी संपते

४ जून

टकळे,

खुशाली विचारत नाही. ती तुझी मामी फोनवर विचारते आणि जेवताना मला सगळी ऐकवते. वर माझं लक्ष नाही म्हणून बोलणीही खायला घालते.

कामाचं लिहितो. असं कानावर आलंय की तिकडच्या वाचनालयांत तू हल्ली माझा किल्लीवाला सांगतेस. सांग, खुशाल सांग. गोष्टीच्या कॉलरला मी काही माझ्या दुकानाचं लेबल शिवलेलं नाही.

फक्त एक कर. ती तू कशी सांगतेस ते मला लिहून पाठव, अथपासून इतिपर्यंत. सारांश नको, सारांश पुस्तकांच्या मागच्या पानावर असतात. पहिलं वाक्य कुठलं, कुठे थांबतेस, आवाज कुठे खाली घेतेस, हात कुठे जातो, सगळं. सहज विचारतोय, दुसरं काही नाही.

आणि फोन करू नकोस. फोनवर समोरचा चेहरा दिसत नाही, आणि चेहरा दिसला नाही की माझं चित्त लागत नाही. लिहूनच पाठव.

इथलं ठीक आहे. दुकान बंद केल्यापासून हात शिवशिवतात, म्हणून परवा घरातले सगळे पडदे उसवले आणि पुन्हा शिवले. मामी म्हणते, आता मलाच काय ते उसवायचं राहिलंय. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वाचनालयात गोष्ट असते तेवढा दिवस बरा जातो. ग्रंथपालबाई ‘शांतता राखा’ची पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवतात आणि मला ती हात असलेली मोठी खुर्ची देतात. बाकीचे दिवस मी या खोलीतून त्या खोलीत जातो आणि कशाला आलो होतो ते आठवत उभा राहतो.

हुंकार देणारं मात्र कोणी धड मिळत नाही. पहिल्या रांगेतल्या पोरांना नियम सांगतो, तुम्ही ‘हं’ म्हटलंत तरच गोष्ट पुढे जाईल. थोडा वेळ म्हणतात, मग विसरतात. तू एवढीशी असताना टाचण्यांची डबी मांडीवर घेऊन दुकानात बसायचीस. माप देताना गिऱ्हाइकांची पोरं हलू नयेत म्हणून मी गोष्ट सांगायचो, आणि तू पेंगत पेंगतसुद्धा ‘हं’ म्हणायचीस.

लवकर लिही. या महिन्याच्या शनिवारच्या आत.

मामा


१२ जून

मामा,

आधी सांगा, चुगली कोणी केली? तुमचं पत्र हातात घेऊन मी घरभर फेऱ्या मारल्या. तुम्ही ‘सहज’ म्हणता तेव्हा काहीच सहज नसतं. उसवायचं असलं की तुम्ही कापड हातात घेऊन असेच ‘बघू, सहज’ म्हणायचा आणि मग माझी अख्खी शिवण काढून ठेवायचा.

हे पत्र मी तीन ठिकाणी बसून लिहिते आहे. सुरुवात बसमध्ये, हे वाक्य वाचनालयाच्या दुसऱ्या शाखेत, मुलांच्या विभागात, बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून. इथले शाखाप्रमुख कार्यक्रम चालू असताना परत आलेली पुस्तकं ढकलगाडीवरून नेतात आणि त्या गाडीचं एक चाक किंचाळतं. नेमकं किल्लीवाला कुलपात किल्ली फिरवतो तेव्हा. परवा मी गोष्टीतच म्हटलं, कुलूप गंजलं होतं हो. लोक हसले, शाखाप्रमुख नाहीत हसले.

बरं, घ्या.

पहिलं वाक्य तुमचंच. ‘एक होता किल्लीवाला, त्याच्याकडे सगळ्या जगाच्या किल्ल्या होत्या, फक्त स्वतःच्या घराची नव्हती.’ इथे थांबते. कोणीतरी ‘का?’ विचारतंच. मग म्हणते, ‘कारण घरी बायको होती, दार उघडंच असायचं.’ मग जुडगा कमरेला लावून तो निघतो. आधी सावकाराची तिजोरी उघडतो, आत नुसता उंदीर. मग शाळेचा वर्ग उघडतो, तर मुलं ओरडतात, कशाला उघडलंत, सुट्टी गेली ना! इथे मी पाणी पिते, हसू ओसरू देते.

मग माडीवरची मुलगी. तिला खोलीत कोंडलेलं असतं. इथे मी डावीकडच्या खिडकीकडे बघते, वेणी खांद्यावरून पुढे घेते, तिचा शेवटचा पेड सोडून पुन्हा घालत बोलते. ‘किल्लीवाल्या, दार उघडशील, पण आधी वाजव तरी. आत कोण आहे ते न विचारता शिरतोस कसा?’ किल्लीवाला खजील होतो. त्याने आयुष्यात एकही दार वाजवलेलं नसतं, सगळी उघडलेलीच असतात. इथे आवाज अगदी खाली.

मग बरीच वर्षं जातात. तो घरी येतो, तर दाराला कुलूप. जुडग्यातली एकही किल्ली लागत नाही.

शेवट काही लिहीत नाही. तो तुमचाच आहे, तुम्हाला तोंडपाठ. आता थांब्यावर आहे, बस आली.

तुमची टकळी


२० जून

टकळे,

पत्र मिळालं. चांगलं सांगतेस. सावकाराचा उंदीर मला आवडला. तो माझा की तुझा?

शेवट राहिला. शेवट लिही. तिथेही हात कुठे जातो ते लिही. शनिवार आलाच आहे.

मामी म्हणते पाऊण तास झाला मी चष्मा शोधतोय. चष्मा हातातच होता. असो.

शेवट लिही.

मामा


२४ जून

मामा,

उंदीर तुमचा. तुम्हाला नक्की ठाऊक आहे. आता मला पक्कं कळलं, तुम्ही मला परीक्षेला बसवलंय.

आमच्या एका श्रोत्याची सून तुमच्या गावची आहे, तिच्याकडूनच तुम्हाला कळलं असणार. ठीक आहे. मी शेवट वेगळा करते. का करते ते तुम्हाला पत्रात समजावत बसायला मला वेळही नाही आणि ताकदही नाही. दर शनिवार-रविवारी दोन शाखा, मधल्या दिवसांत सतरा ठिकाणी फोन, आणि घरी आलं की घर तसंच्या तसं. तुम्हाला माझी चूक दाखवायची तर सरळ दाखवा. ‘लिही, लिही’ काय चाललंय? तुमच्याच गोष्टीचा शेवट मी तुम्हाला काय सांगू?

रागावले आहे, पण तब्येत सांभाळा.

टकळी


२ जुलै

टकळे,

मामी लिहितेय. हे दाढी करायला गेलेत तेवढ्यात लिहून टाकते. फोनवर बोलले असते, पण घर केवढंसं, एका खोलीत कुजबुजलं की दुसऱ्या खोलीत ऐकू जातं.

शनिवारी यांची गोष्ट झाली. किल्लीवाल्याची. सुरुवात छान केली. पण त्या माडीवरच्या मुलीपाशी आले आणि भिंतीकडे बघून हसले. डावीकडे आमच्या वाचनालयात भिंत आहे आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा. मग काय केलं माहितेय? खांद्यावरून काहीतरी पुढे ओढून घेतलं आणि हवेत पेड घालत बसले. डोक्यावर केस म्हणशील तर एक नाही! मुलं हसून हसून लोळली. मीही हसले, वाटलं नवीन काहीतरी बसवलंय. पण यांच्या तोंडावर हसू नव्हतं गं. नीट, मन लावून पेड घालत होते.

मग घराच्या कुलपापाशी आले आणि थांबले. पुढची एक मुलगी ‘हं’ म्हणाली. पुन्हा म्हणाली. हे खुर्चीच्या हातावर बोट फिरवत बसले. लोक खोकायला लागले. शेवटी म्हणाले, राहिलेलं पुढच्या महिन्यात, आणि उठले.

पुढच्या महिन्यात वाचनालयाचं नवं दालन उघडतंय, पाहुणे येणार आहेत. ग्रंथपालबाई चांगल्या आहेत, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, या वेळी मामांना श्रोत्यांमध्ये पहिल्या रांगेत मानाने बसवूया का? यांनी ऐकलं. आता रोज सकाळी बूट घासतात आणि कुठेच जात नाहीत. दारापर्यंत जायचं, परत यायचं. ती खुर्ची गेली ना, तर यांचं काय होईल याचा मला विचारच करवत नाही.

तू त्यांना काही लागेल असं लिहिलंस का? तुझं पत्र सारखं खिशात असतं, मोठं होतं ते. शर्ट धुवायला मागितला तरी देत नाहीत. बाकी वय झालं की थोडं इकडचं तिकडे सगळ्यांचंच होतं. मी ते मनावर घेत नाही.

आले वाटतं.

मामी


६ जुलै

मामा,

मी किती मूर्ख आहे हे तुम्हाला लहानपणापासून माहीत होतं, मला आत्ता कळलं. माझं मागचं पत्र फाडून टाका. फाडाच, त्यात खिशात ठेवण्यासारखा एकही शब्द नाही.

मी ग्रंथपालबाईंना फोन केला. त्यांना म्हटलं, नवं दालन उघडताय तर गोष्टही नव्या तऱ्हेने होऊ दे. सांगणारा एक आणि हुंकार देणारी एक, दोघं समोरासमोर. सांगणारे मामाच. त्या म्हणाल्या, तुम्ही असाल ना नक्की? म्हटलं, मी असेन. तर मी येतेय. पहिल्या रांगेत बसणार आणि ‘हं’ म्हणणार. नुसतं ‘हं’ म्हणणार नाही, अधूनमधून विचारीनही. ‘हं, आणि मग तिजोरीत काय होतं?’ असं. लहानपणी मी तसंच करायचे. तुम्ही म्हणायचात, ही हुंकार देत नाही, मागे लागते.

आता शेवट. तुम्ही विचारलात तेव्हाच लिहायला हवा होता. माझा असा आहे. कुठलीच किल्ली लागत नाही तेव्हा किल्लीवाला जुडगा पायरीवर ठेवतो आणि जन्मात पहिल्यांदा दार वाजवतो. आतून आवाज येतो, ‘कोण?’ बस, तिथे मी संपवते. हात मांडीवर, आणि गप्प.

तुमच्या शेवटात बायको त्याची वाट बघत असते. मला ते सांगवेना. तुमचे भाचेजावई कामासाठी म्हणून गेले ते गेलेच, हे तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही दोघांनी कधी विषय काढला नाहीत याचे उपकार आहेत. पण दर शनिवारी अनोळखी लोकांपुढे बसून ‘ती वाट बघत होती’ म्हणताना मी खाली बघायचे. एकदा न ठरवता तोंडातून ‘कोण?’ निघालं आणि लोक इतके शांत झाले की तेच राहिलं.

तुमचा शेवट माझ्याकडे शाबूत आहे. आल्यावर सांगते.

अजिबात चैन पडत नाहीये. तिकीट काढलंय.

तुमचीच टकळी


२९ जुलै

मामी,

कार्यक्रमानंतर तशीच बसला पळाले, आज सकाळी माझ्या शाखेत गोष्ट होती. मामांना रिक्षात बसवून दिलं, ते पोचले हे तुझ्याकडून कळलं. पण फोनवर तू ‘कसं झालं गं?’ विचारत राहिलीस आणि मी ‘छान झालं’ म्हणत राहिले. मागून मामांचा आवाज येत होता, मी तरी काय बोलणार? तू घरी थांबलीस, तुला बघवणार नाही म्हणालीस. मला अजून ठरवता येत नाही की तू थांबलीस ते बरं झालं की नाही. तर ऐक.

दालनाला रंगाचा वास येत होता. शेल्फं अजून अर्धी रिकामी. मामांनी स्वतःच्या हाताने ती ‘शांतता राखा’ची पाटी उलटी केली आणि मोठ्या खुर्चीत बसले. मी समोर बुटक्या खुर्चीवर. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं, मी बघितलं की ते बघताहेत.

पहिलं वाक्य अगदी खणखणीत आलं. मग थांबले. मी म्हटलं, ‘हं, आणि मग किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून निघाला?’ ‘निघाला!’ मामा म्हणाले, ‘निघणारच! मग थांबेल होय?’ लोक हसले आणि मामी, तिथून ते असे सुटले म्हणून सांगू! मी धागा द्यायचा, ते टाके घालत जायचे. तिजोरी उघडली, त्यात उंदरासोबत उंदराची बायकोही निघाली, ती माझ्या गोष्टीत कधीच नव्हती. मुलं माझ्याबरोबर ‘हं’ म्हणायला लागली, मग मोठी माणसंसुद्धा. माडीवरच्या मुलीपाशी आले तेव्हा मामांनी नुसतं माझ्याकडे बोट केलं आणि मी वेणी पुढे घेतली. ग्रंथपालबाई दारापाशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या. मला वाटलं, जिंकलो.

मग घर आलं, कुलूप आलं. त्यांचा शेवट मी त्यांना घरून वाचनालयापर्यंत चालताना वाटेत पुन्हा पुन्हा सांगितला होता. शेवटी वैतागून म्हणाले होते, कळलं गं, मला काय बाळ समजतेस? मी विचारलं, ‘हं, आणि कुलपाला हात लावला, तर?’

ते म्हणाले, ‘त्याने दार वाजवलं.’

माझा शेवट. मी म्हटलं, हं.

‘आतून आवाज आला. कोण?’

इथे संपतं. मी हात मांडीवर ठेवले, त्यांनीही ठेवायला हवे होते. पण ते माझ्याकडे बघत होते. खुर्चीत पुढे वाकले, आणि हळूच, अगदी सभ्यपणे, बाहेरच्या माणसाला विचारावं तसं पुन्हा म्हणाले, ‘कोण?’

मामी, ते गोष्टीतलं नव्हतं. मी हाताच्या अंतरावर होते. वेणी अजून खांद्यावर तशीच होती. आणि त्यांना मी कोण ते ठाऊक नव्हतं.

मला ओरडावंसं वाटलं, मी आहे, टकळी. पण हुंकार देणाऱ्याला एवढंच म्हणता येतं ना. मी ‘हं’ म्हटलं. आणि टाळ्या पडल्या. अशा टाळ्या मला माझ्या एकाही शाखेत मिळालेल्या नाहीत. पाहुणे उठून उभे राहिले, म्हणाले काय शेवट आहे, अंगावर काटा आला.

टाळ्यांनी मामा दचकले, इकडे तिकडे बघितलं, मग मला म्हणाले, ‘टकळे, जमलं का गं?’ जमलं म्हटलं. ते हसले. रिक्षात बसताना त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरला होता, एवढंच.

मामी, हे इकडचं तिकडे होणं नाही. तूही ओळखून आहेस. त्यांना डॉक्टरांकडे ने, मी पुढच्या महिन्यात येते तेव्हा पुन्हा जाऊ. आणि हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नकोस. मला काल रात्रीपासून एका जागी बसवत नाहीये.

टकळी


११ ऑगस्ट

टकळे,

बातमी अशी की आपली जोडी लागली. ग्रंथपालबाईंनी फळ्यावर लिहिलंय, दर महिन्याला मामा-भाची. तुझं नाव खाली, माझं वर, त्यावरून वाद नको.

मामी मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. भला माणूस. त्याने मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, मी काढलं, काटे जरा इकडे तिकडे झाले. मग शर्टाचं बटण बघून म्हणाला, टाका सुरेख आहे. हात अजून विसरलेले नाहीत म्हणाला. मामी घरी आल्यापासून मला एकट्याला गॅलरीतसुद्धा सोडत नाही. त्यावरून कळलं की तू तिला लिहिलंस. मला पत्र सापडलेलं नाही, शोधलंही नाही. शोधायला लागलो की भलतंच सापडतं हल्ली.

त्या दिवशी मी तुला विचारलं ते गोष्टीतलं नव्हतं. तुला कळलं, थोड्या वेळाने मलाही कळलं. रिक्षात बसताना बोलणार होतो, तुझा हातच धरून बसलो. भीती वाटते, टकळे. खोटं कशाला सांगू? पडदे पुन्हा उसवलेत.

पण आज सकाळी बटणांची काजं करता करता शेवट आठवला. माझा. कोणी सांगितला नाही, आपोआप आला, म्हणून लगेच लिहायला बसलो. जुडग्यातली एकही किल्ली लागत नाही तेव्हा किल्लीवाला दमून दाराला टेकतो, आणि दार उघडतं. कुलूप लावलेलंच नव्हतं, नुसतं अडकवलेलं होतं. बायकोने इतकी वर्षं ते असंच अडकवून ठेवलेलं, लोकांना दिसायला. तिथे हात कुठे जातो विचारशील तर कुठेच जात नाही, नुसतं मागे टेकायचं.

तू तुझ्या शाखांमध्ये तुझाच शेवट सांग. तुझ्या दाराशी ज्याला यायचं त्याने वाजवावं, आणि तू आतून ‘कोण?’ विचारावंस, हेच बरोबर आहे. माझा शेवट तुझ्या मापाचा नव्हता.

पण माझ्या दाराचं वेगळं. ते तुझ्यासाठी लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मी विसरलो तरी तुझ्याकडे राहील. तू कधी येशील आणि मी आतून ‘कोण?’ म्हणेन. एकदा म्हणेन, मग नेहमीच म्हणायला लागेन. तेव्हा पायरीवर बसून रडू नकोस, नाव सांगत बसू नकोस. कुलूप दिसेल, पण ते नुसतं अडकवलेलं आहे. लोट आणि आत ये.

ऐकतेस ना?

मामा


१५ ऑगस्ट

मामा,

हं.

टकळी